दाग आणि डाग

देवास,
चैत्र वद्य अष्टमी

प्रिय कमल,

पाकिटावर सौ. सुभद्राबाई असं लिहिलं आहे, कारण त्या घरात तू सुभद्रा आहेस. आत मात्र मी कमलच लिहिणार. तांदळात बोटाने लिहिलेलं नाव सासरचं, आणि पाळण्यात कानात सांगितलेलं नाव माझं. हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करते आहे. पहिलं फाडलं, कारण त्यात नुसता राग होता. दुसऱ्यात राग नव्हता, म्हणून ते मलाच खोटं वाटलं. दोन ओळी लिहिते, उठते, ओसरीवर जाऊन टेकडीकडे बघते, परत येऊन बसते. शेजारच्या ताई मघाशी म्हणाल्या, "विद्युल्लताबाई, आज कुठे सभा आहे का? सकाळपासून नुसत्या येरझारा घालताय." सभा असती तर बरं झालं असतं. समोर माणसं असली की माझे पाय जमिनीवर ठरतात. आज समोर फक्त कागद आहे, आणि डोळ्यांपुढे मालनची एवढीशी जीभ.

तुझ्या सासऱ्यांचं, बापूसाहेबांचं पत्र पोचलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं, मजकूर नेहमीसारखा मोजका. मालनच्या जिभेवर तांबडे चट्टे उठतात, त्यांच्या कडेने पांढरी रेघ असते, आज डावीकडे दिसतात तर चार दिवसांनी टोकाशी. इंदूरचे डॉक्टर दयाल धारेस आले होते, त्यांना घरी बोलावून जीभ दाखवली. बापूसाहेब स्वतः तेव्हा धरमपुरीकडे दौऱ्यावर होते, आमचे जावई माधवराव वकिलीच्या परीक्षेसाठी अलाहाबादेत. तुम्ही बायका पुरुषमाणसासमोर ओसरीवर येणार नाही, म्हणून तुमच्याकडचा जुना शिपाई मानाजी मालनला कडेवर घेऊन डॉक्टरांपुढे उभा राहिला, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यानेच दारातून आत सांगितलं. डाग द्या. तेव्हा अक्षय्य तृतीयेचा दिवस बघून सोन्याची सळई तापवून जिभेला डाग द्यायचं ठरलं आहे, आणि त्यासाठी धरमपुरीहून या कामात मुरलेली एक बाई येणार आहे. शेवटची ओळ तशीच उतरवते : "आपण सुधारक म्हणवता, आमचे जुने उपाय आपणांस रुचत नाहीत. हा तर प्रत्यक्ष डॉक्टराचा सल्ला आहे, तरी आता आपली हरकत नसावी."

ओळ वाचली आणि मला क्षणभर हसू आलं, इतका तो टोला नेमका बसला होता. डॉक्टरांचं ऐका, देवीला फक्त नवस बोलून बसू नका, पोरांना टोचून घ्या, असं मीच गावोगाव ओरडत फिरले. आता डॉक्टरचंच नाव पुढे करून माझ्या नातीच्या तोंडात तापलेली सळई घालणार, आणि मी गप्प बसायचं. मग हसू गेलं. माझ्या शाळेत पोटावर डाग घेतलेल्या मुली दर वर्षी येतात. मुडदूस झाला, दिला डाग. पोट फुगलं, दिला डाग. ते वण पोटावर राहतात, आणि पोटाला बोलायचं नसतं. माहेरी आणतेस तेव्हा मालन अजून मला "आदी" म्हणते. तिच्या जिभेला अजून 'ज' सुद्धा सापडलेला नाही, आणि तुम्ही तिला निखाऱ्याची ओळख करून देणार.

मी त्याच दिवशी शाळेला सुट्टी दिली आणि इंदूरला गेले. टांगेवाला माझ्या ओळखीचा, मला सभांना तोच नेतो. मी एक शब्द बोलत नाही हे बघून क्षिप्रेपाशी घोडा थांबवून मागे वळला नि म्हणाला, "कई हुओ बईजी, आज भाषण याद नी आयो?" मी म्हटलं, भिया, आज भाषण नाही, आज फक्त एक प्रश्न विचारायचा आहे. डॉक्टर दयाल दवाखान्याच्या पायऱ्या उतरतच होते, एजंटसाहेबांबरोबर दौऱ्यावर निघायच्या गडबडीत. मी नाव सांगितलं, धारेच्या घराची खूण सांगितली, मुलीच्या जिभेचं सांगितलं. त्यांना लगेच आठवलं. मी विचारलं, तुम्ही डाग द्यायला सांगितलंत? ते पायरीवरच थांबले. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "राम राम! बाईजी, मैंने तो कहा, दाग हैं, जाने दो. बच्ची को कुछ नहीं हुआ है. कौन दाग रहा है उसे?"

दाग हैं, जाने दो. डाग आहेत, असू द्या. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, मोठ्याने वाच, म्हणजे काय घडलं ते कानांना कळेल. मानाजीने 'दाग' ऐकलं आणि 'दो' ऐकलं. मधलं सगळं त्याच्या भीतीने गिळलं. मी त्याला दोष देत नाही. त्याचा आजा फौजेबरोबर साताऱ्याकडून आला, घरात तो मराठी बोलतो, बाजारात माळवी, डॉक्टरांची हिंदी त्याला अर्धी कळते आणि उरलेली तो स्वतः जुळवतो. आपण सगळेच तसे जुळवतो. डॉक्टरला दिसले ते नुसते डाग होते, त्यांचं मानाजीने आत नेईपर्यंत डाग देणं झालं. "डागदर म्हनतोय डाग द्या जी," असं तो दारातून म्हणाला असेल, आणि आत सगळ्यांना ते पटलं असेल, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. डॉक्टरांनी बापूसाहेबांना खुलाशाचं पत्र पाठवायचं कबूल केलं आहे. पण ते तोवर टांग्यात बसले होते, आणि दौऱ्यावरच्या माणसाचं पत्र कधी येईल ते देवाला ठाऊक. त्याची वाट बघत मी हातावर हात ठेवून बसणार नाही.

तुला वाटेल, मग आई इंदुरातूनच धारेला का नाही आली? पाय तर तिकडेच ओढत होते. टांगेवाल्यानेही विचारलं. पण दोन वर्षांपूर्वी धारेत मी विधवांच्या केशवपनावर बोलले, आणि तुझे सासरे पहिल्या रांगेतून उठून गेले, ते तू विसरली नसशील. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "विहीणबाई, घरी जेवायला अवश्य या, पण ती जीभ गावाबाहेर ठेवून या." तुझ्या सासूबाई उमाबाई आतून म्हणाल्या, "जीभ कसली, मोटेचा दोर आहे तो, सोडावा तितका लांब." मला ते लागलं नाही, खरं सांगते. उपमा चांगली होती, मी पुढे एका भाषणात वापरली. लागलं ते एवढंच की मग मी तुझ्या घरी आले नाही, आणि मालनचे पहिले बोलसुद्धा इतरांच्या तोंडून ऐकले. अशी मी, डोक्यावर केस असलेली विधवा, न कळवता, रागाने लाल होऊन दारात उभी राहिले असते, तर दार बंद झालं असतं, आणि ते तुझ्यावरही बंद झालं असतं. म्हणून परतले. परतताना सबंध रस्ता स्वतःशी भांडत होते.

कारण मला हेही ठाऊक आहे की नुसता कानाचा घोटाळा सुधारून भागणार नाही. बापूसाहेबांनी लिहिलं नाही, पण धारेहून येणाऱ्या माणसांना तोंडं आहेत. मालनने गोठ्यात बोट दाखवून म्हटलं, "गाय उठत नाय," आणि गाय दुसऱ्या दिवशी मेली. त्याच सुमारास जिभेवर चट्टे दिसले. झालं, पोर काळजिभी ठरली. बोललेलं वाईट खरं होणारी. आणि वर हेही कुणीतरी बोललं म्हणे, की आजीने गावभर जीभ चालवली, ती नातीच्या तोंडात उतरली. कमल, तीन वर्षांच्या मुलीने गायीला मारलं का? की गाय दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती हे घरातल्या इतक्या मोठ्या माणसांत फक्त तिनेच पाहिलं? तिने दिसलं ते सांगितलं. त्या वेळी कुणी उठून गोठ्यात गेलं असतं तर गाय कदाचित वाचलीही असती. जी आधी बघते आणि मग बोलते, तिला आपण गप्प करायला निघालो आहोत. यावर मी तासभर बोलू शकते, पण तू सभा नाहीस, म्हणून आवरते.

काळी जीभच बघायची असेल तर मी बघितली आहे. इथले मोरोपंत पुराणिक तुला आठवतात? देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी पुराण सांगायचे, तंबाखूचा बार कायम गालात, आणि वर खोकल्यासाठी कसलासा काळाकुट्ट काढा. एक वर्ष त्यांची जीभ खरोखर काळी झाली. नुसती काळी नव्हे, वर लव उगवली, सुरवंटासारखी. पुराण सांगताना ते तोंडावर उपरणं धरू लागले. बायका त्यांच्या वाटेत येईनात, न जाणो काही बोलले तर. नेमक्या त्याच दिवसांत माझं पहिलं भाषण झालं, आणि मोरोपंतांनी भर चौकात, उपरणं बाजूला करून, ती जीभ दाखवत मला शाप दिला, "बाई, तुझी वाचा बसेल!" तेव्हा मी काही शूर नव्हते. रात्रभर घसा तपासत होते, सकाळी उठून 'अ आ इ ई' म्हणून पाहिलं. ती वाचा अजून बसलेली नाही, हे तुझ्या सासऱ्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मोरोपंतांना पुढे सुनेने तंबाखू बंद करायला लावली, काढा मोरीत ओतला, आणि रोज सकाळी जीभ घासायला लावली. महिन्याभरात जीभ तुझ्यामाझ्यासारखी गुलाबी. आता ते मला रस्त्यात भेटले की हसतात आणि विचारतात, "काय विद्युल्लताबाई, वाचा कशी आहे?"

तुझ्यामाझ्यासारखी, असं मी आत्ता लिहिलं. तुझी आहे तशी. माझी तशी नाही.

हे तुला कधी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, सांगायची वेळच आली नाही, आणि लहानपणी आईने शिकवलेली सवय मोडत नाही. जेवताना, हसताना, भाषणात सुद्धा, माझी जीभ ओठांच्या बाहेर कधी आलेली तुला दिसली का? माझ्या जिभेवर जन्मापासून तेच तांबडे चट्टे आहेत. त्याच पांढऱ्या कडा. ते हलतात, मिटतात, दुसरीकडे उगवतात. मिरची लागली, गरम चहा लागला की झोंबतात, म्हणून मी पानात ठेचा घेत नाही, आणि तुम्ही मला हसता की जिभेने एवढी तिखट आणि जेवणात एवढी अळणी. आई मला बजावायची, पाहुण्यांसमोर जीभ काढू नकोस, लग्न व्हायचं नाही. लग्न झालं. वरमायने माझं नाव विद्युल्लता ठेवलं, कारण मी फार गप्प होते आणि तिला सून चमकती हवी होती. आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत, गरम दूध पिऊन मी कळवळले तेव्हा, तुझ्या वडिलांनी विचारलं, काय झालं. मी मान हलवली. ते म्हणाले, जीभ दाखव. मी रडायला लागले. मला वाटलं, आता माहेरी पाठवतील.

नारायणरावांनी खिडकीजवळ नेऊन माझी जीभ पाहिली. धाकट्या पातीच्या कचेरीत ते जमिनीचे नकाशे बघायचे, हे तुला माहीत आहेच. आपलं देवास कसं, एकाच गावात दोन महाराजे, गल्लीची ही बाजू थोरल्या पातीची, ती बाजू धाकट्या पातीची, मध्ये कुणाचं शेत, कुणाची विहीर. साहेब लोक नकाशा काढता काढता वैतागायचे. तुझ्या वडिलांनी बराच वेळ पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अगं, हा तर आपल्या संस्थानचा नकाशा! फक्त याच्यातल्या हद्दी कारकुनाला न विचारता बदलतात." मी रडता रडता हसले. मग ते रोजचंच झालं. कचेरीतून आले की पागोटं उतरायच्या आधी विचारायचे, "बघू, आज कुणाचं राज्य? थोरली पाती की धाकटी?" मी जीभ काढायची. ते बघायचे आणि निकाल द्यायचे. प्लेगमध्ये गेले त्या आठवड्यातही त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं, धाकटी. त्यांना आपल्या मालकाचं राज्य ऐकून बरं वाटलं.

त्यानंतर माझी जीभ कुणी पाहिली नाही. परवा डॉक्टर दयालांनी पाहिली. मीच टांग्याच्या चाकाशी उभी राहून पदर सावरला आणि जीभ बाहेर काढली, भर रस्त्यात, शिपाई बघत होते. ते हसले नाहीत. नीट वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, बच्ची पर तो आप ही की छाप है." त्यांनी सांगितलं की इंग्रजी वैद्यकात याला नकाशाचंच नाव आहे, हे पुष्कळदा घराण्यात उतरतं, रोग नाही, कुणाला लागत नाही, औषध लागत नाही, आणि कुणी औषध दिलंच तर तो फसवतो. म्हणजे तुझे वडील कचेरीतले साधे नोकर असून बरोबर होते. मला तिथे रडू आलं असतं, पण घोडा पुढे गेला.

इथली बातमी म्हणशील तर काही नाही. आपल्या गल्लीचं गटार थोरल्या पातीचा झाडूवाला मधल्या दगडापर्यंत साफ करतो आणि घाण पलीकडे लोटतो, पलीकडचा सकाळी ती इकडे लोटतो. शाळेत नव्या मुली आल्या आहेत. मी त्यांना हल्ली पहिल्या दिवशी काय करायला सांगते ते ऐक. सगळ्यांनी जीभ बाहेर काढायची. दोघी-तिघी तरी निघतातच, कुणाच्या जिभेला भेगा, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या, कुणाची खाली दोरीने बांधलेली, कुणाची टोकाला काळपट ठिपक्यांची. लपवून ठेवलेल्या असतात बिचाऱ्या. सगळ्या एकमेकींच्या बघतात, खिदळतात, आणि मग त्या मुली वर्गात पाढे मोठ्याने म्हणायला लागतात. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. माझी मात्र मी त्यांना कधी दाखवली नाही. सभेत हजार माणसांना धीट व्हा म्हणून सांगणारी बाई ओठ मिटून उभी असायची.

कमल, तू उमाबाईंना दुष्ट समजू नकोस. मीही समजत नाही, आणि मला तसं समजणं सोपं गेलं असतं. तुझ्या लग्नात, तुझे वडील अजून होते तेव्हा, वरात निघायच्या आधी, त्या आणि मी एका खोलीत ओट्या भरत होतो. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या पहिल्या मुलाबद्दल सांगितलं. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. तो रांगायला लागला तेव्हा नात्यातल्या एका बाईने त्याला उचलून म्हटलं, "फार देखणा आहे गं, टिकायचा नाही." त्या बाईच्या जिभेवर काळा डाग होता. भाऊ त्या वर्षीच गेला. उमाबाई हे सांगताना ओटीतले तांदूळ पुन्हा पुन्हा मुठीत घेत होत्या आणि सोडत होत्या. म्हणून मला कळतं, मालनच्या तोंडातले चट्टे बघून त्यांना काय दिसतं. त्यांना मालनचा राग नाही. त्यांना भीती वाटते, की त्या घरात पुन्हा कुणीतरी कुणाबद्दल काहीतरी बोलेल आणि ते खरं होईल. उद्या तू दुसऱ्यांदा बाळंत झालीस तर मालन पाळण्यात वाकून काय म्हणेल, हे त्यांच्या मनात असणार. तापलेली सळई त्यांना मालनसाठी नको आहे. त्यांना ती भाऊसाठी हवी आहे, इतक्या वर्षांनी. पण भाऊ तापाने गेला, कमल. त्या वर्षी माळव्यात घरोघरी पोरं तापाने गेली. कुणी काही बोललं नसतं तरी तो गेला असता, आणि त्यात आईची काही चूक नव्हती. हे कुणीतरी उमाबाईंना सांगायला हवं होतं. त्या रात्री ओटी भरताना मी सांगायला हवं होतं, पण सनई सुरू झाली आणि आम्ही उठलो.

मालनला तिखट देऊ नकोस, दूध कोमट करून दे, दहीभात दे. जीभ झोंबली तर ती रडेल, पण ते रडणं थोडा वेळ टिकतं. ती बोलेल ते बोलू दे. तिला कुणी काळजिभी म्हटलं तर तू मोठ्याने "मालन" अशी हाक मार, म्हणजे तिला तिचं नाव कुठलं ते कळेल.

आता शेवटचं, आणि हे तुझ्यासाठी नाही. तुझ्या घरी सुनेला आलेलं पत्र आधी मामंजी फोडतात, माजघरात बसून मोठ्याने वाचतात, सासूबाई ऐकतात, आणि मग कागद तुझ्या हाती येतो, हे मला तुझ्या पहिल्या दिवाळसणापासून ठाऊक आहे. मी तुला वाचायला शिकवलं ते काय यासाठी, म्हणून या रीतीचा आजवर मी संताप केला. या वेळी मी त्या रीतीवरच विसंबले आहे. तुला दोन ओळी पुरल्या असत्या. एवढं लांब पत्र मी लिहिलं ते बापूसाहेबांच्या आवाजात उमाबाईंच्या कानी पडावं म्हणून. बापूसाहेब, आपण इथवर आलात, आभारी आहे. माझ्या नवऱ्याने माझ्याशी केलेली थट्टा आपल्याला आपल्या तोंडाने वाचावी लागली, त्याची क्षमा करा. आपण मला सभेत ऐकणार नाही, म्हणून मला आपल्याच आवाजात बोलावं लागलं. राहिलेलं सावकाश वाचा. उमाबाई, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी तुमच्या दाराशी येते. उघडलंत तर आत येईन, नाही तर ओट्यावर बसेन. माझी जीभ बघा. उजेडात नेऊन बघा, मालनच्या जिभेशेजारी धरून बघा. मग तुम्हीच ठरवा की ही आजीची खूण आहे की तुमच्या घरावरचं संकट. तेव्हाही डाग द्यावासा वाटला तर त्या धरमपुरीच्या बाईला सळई तापवू द्या, आणि आधी ती माझ्या जिभेवर ठेवायला सांगा. ही जीभ माझं पोट आहे, माझं सगळं आहे, तरी मी तोंड मिटणार नाही. फक्त त्या वेळी मालनला दुसऱ्या कुणाकडे देऊ नका. तिला तुम्ही मांडीवर घ्या, आणि तिचे डोळे तुमच्या हातांनी झाका.

तुझीच, आणि मालनचीही,
आई